पहिला रोबो मॅनहोलमध्ये उतरवा

प्रति,
राज्यातील महापालिकांचे आयुक्त, नगरपालिका व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक यांस,

स.न.वि.वि.

एका मध्यम शहराच्या नगरपालिकेत मी ड्रेनेजकडे कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच टेबलावरून निवृत्त झालो. शहर जमिनीच्या वर कसं दिसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. जमिनीखाली ते कसं आहे, हे मात्र मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

हल्ली तुमच्या बैठकांमध्ये एआयचा विषय निघतो, असं वाचनात येतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडियाएआय मिशनसाठी दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. जून २०२५ मध्ये आपल्या राज्याने शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण आणलं. आता नगरपालिकांकडेही प्रस्ताव येतायत: तक्रारी घेणारा चॅटबॉट, घरपट्टीचे थकबाकीदार हुडकणारी प्रणाली, चौकाचौकात कॅमेरे. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण पैसा मोजका आहे आणि सुरुवात कुठून करायची हे तुमच्या हातात आहे. माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या शहरात जो पहिला रोबो येईल, तो मॅनहोलमध्ये उतरवा.

श्रीमंत देशांत यंत्र आलं ते मजूर महाग झाला म्हणून. जिथे माणसाच्या तासाला मोठी मजुरी मोजावी लागते, तिथे कारखानदार आपणहून रोबो विकत घेतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. आपल्याकडे गणित उलटं आहे. चोकअप काढायला ठेकेदाराला दोन माणसं, एक दोर, बांबूच्या खपच्च्या आणि एक बादली पुरते. यापेक्षा स्वस्त यंत्र जगात कुणी बनवू शकणार नाही. म्हणून बाजाराच्या भरवशावर राहिलो तर आपल्या देशात रोबो गोदामांत येतील, मोटारींच्या कारखान्यांत येतील, मोठ्या रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत येतील आणि गटारात माणूसच उतरत राहील. विकसनशील देशात यंत्र कुठे आणायचं हे मजुरीच्या दरावरून ठरवून चालणार नाही. माणूस कुठे मरतो ते बघून ठरवावं लागेल, आणि ते काम सरकारलाच करावं लागेल. शहरापुरतं सरकार म्हणजे तुम्ही.

गटारं साफ करणाऱ्या आमच्या कामगारांच्या गँगमध्ये एक होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मीही मामाच म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे. पहारीने झाकण उचकटलं की मामा कुणाला पुढे येऊ द्यायचे नाहीत. झाकण बाजूला सरकवून उकिडवे बसायचे आणि आत बघत राहायचे. झुरळं भराभर वर आली तर हवा बरी आहे. एकही झुरळ दिसलं नाही तर आज उतरायचं नाही. ही त्यांची तपासणी. नगरपालिकेने गॅस तपासायचं यंत्र एकदा घेतलं होतं. त्याची बॅटरी संपली ती परत आली नाही, आणि ते स्टोअरच्या कपाटात राहिलं. आत जायच्या आधी मामा अंगाला खोबरेल चोळायचे आणि कोपऱ्यात जाऊन अर्धी बाटली रिकामी करायचे. मी एकदा बोललो, तर म्हणाले, "साहेब, शुद्धीत असलेला माणूस या भोकात उतरेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका वर्षी गणपतीच्या आधी मुख्य बाजारपेठेत ड्रेनेज तुंबलं. रस्त्यावर घोटाभर पाणी, मंडळांचे फोन, नगरसेवकांचे फोन. आमची गँग दुसरीकडे अडकलेली, म्हणून ठेकेदाराची माणसं बोलावली. त्यातला बाविशीतला एक मुलगा आत उतरला. खालून फावडं मारल्याचा आवाज आला, मग आवाज थांबला. वरचा त्याचा जोडीदार हाक मारत होता. उत्तर येईना म्हणून तो दोर न बांधताच आत पाय सोडायला लागला, तेवढ्यात मामा पोहोचले. त्यांनी त्याच्या शर्टाला धरून मागे ओढला, तोंडात मारली आणि ओरडले, "तूबी मरशील." मुलाला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. कागदावर लिहिलं गेलं, पाय घसरून पडल्याने. त्या कागदावर माझी सही आहे. तो मुलगा पाय घसरून मेला नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

तो कशाने मेला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो, गाळात अडकून राहतो आणि फावडं लागलं की एकदम सुटतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, तीच वेळ सगळ्यात घातकी. त्याहून जास्त प्रमाण असेल तर काही श्वासांतच माणूस कोसळतो. म्हणूनच एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला गेलेला तिसरा, असे एकाच टाकीत तिघे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क याला काडीचाही अडवत नाही.

संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना देशात ३७७ माणसं गेली. एका सामाजिक लेखापरीक्षणात २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची तपासणी झाली. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं एकही साधन नव्हतं. हे नोंदलेले आकडे आहेत. आमच्या त्या मुलासारखे 'पाय घसरलेले' यात किती धरले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

कायद्याचं म्हणाल तर तो कधीच तुमच्या बाजूने उभा नाही. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ चा कायदा ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी लागू झाला, आणि त्यात गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्याचं कलम ३३ कृपा करून एकदा स्वतः वाचा. गटारं साफ करायला योग्य यंत्रसामग्री वापरणं हे प्रत्येक स्थानिक संस्थेचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. 'परवडलं तर' असं त्यात म्हटलेलं नाही. अगदीच अपवादात्मक वेळी माणूस उतरवायचा तर प्रमुख अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, असं नियमांत आहे. माझ्या सगळ्या नोकरीत अशी एकही लेखी परवानगी मी पाहिली नाही. माणसं मात्र रोज उतरत होती, तोंडी हुकमावर.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा २०२१ मध्ये भरपाईचा आदेश मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसाने गटार साफ करण्यावर बंदीचा आदेश दिला. मुंबईला लागू झालं ते उद्या बाकीच्या शहरांनाही लागू होईल. आदेशाची वाट कशाला बघायची?

आता यंत्राबद्दल. नोव्हेंबर २०१५ मध्ये केरळात कोझिकोडला दोन कामगार मॅनहोलमध्ये गुदमरले आणि त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालकही गेला. त्या घटनेने हललेल्या काही तरुण अभियंत्यांनी तिरुअनंतपुरममध्ये जेनरोबोटिक्स ही कंपनी उभी केली आणि २०१८ मध्ये 'बँडिकूट' नावाचा रोबो आणला. बँडिकूट म्हणजे आपली घूस. नाव अगदी चपखल आहे. त्याचा एक भाग रस्त्यावर मॅनहोलच्या तोंडावर उभा राहतो, दुसरा पाय पसरून आत उतरतो, कॅमेऱ्याने बघतो, गॅस मोजतो, यांत्रिक हाताने गाळ बादलीत भरून वर देतो. चालवणारा माणूस रस्त्यावर, पडद्यासमोर. २०२३ मध्ये गुरुवायूरला तो लागला तेव्हा केरळ सरकारने जाहीर केलं की आता आमचे वापरातले सगळे मॅनहोल रोबोच साफ करतील.

निवृत्त झाल्यावर एका शहरात अशा यंत्राचं प्रात्यक्षिक होतं, ते बघायला मी मामांना सोबत घेऊन गेलो. ते सत्तरीच्या पुढे गेलेले, दम लागतो, पायाला बुरशीचे जुने व्रण. यंत्र आत उतरलं आणि पडद्यावर विटांची गोल भिंत दिसायला लागली. मामा पडद्याच्या इतके जवळ गेले की चालवणाऱ्या मुलाला बाजूला सरकावं लागलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, आत एवढा उजेड मी पहिल्यांदाच बघतोय."

यंत्राचा हात गाळात काहीतरी शोधत होता, पण पाणी उतरत नव्हतं. मामांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, मधी नको. भिंतीला जा, डाव्या अंगाला. पाइप जिथं आत शिरतो तिथं खालची वीट निसटलेली असती. चिंधी तिथंच गुंततीय." मुलाने कॅमेरा वळवला. वीट निसटलेली होती. हाताने ओढून काढला तो पोत्याचा पट्टा, त्यात गुंतलेले केस, गुटख्याच्या पुड्या आणि लहान मुलाची एक चप्पल. पाणी खळकन उतरलं. जमलेल्या लोकांनी यंत्रासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मला जे कळलं ते तुम्हाला सांगायचंय. यंत्र आणायचं ते मामांच्या जागी नव्हे, मामांच्या हाती. 'नमस्ते' या केंद्राच्या योजनेत २०२४ पर्यंत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ज्या ३८ हजार कामगारांची नोंद झाली, त्यात शंभरातले सुमारे ६९ अनुसूचित जातींचे निघाले. हे काम कुणाच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या बांधलं गेलं हे आकडा न बघताही आपल्याला माहीत आहे. आता काम घाण होतं तोवर ते त्यांचं, आणि ते पडद्यासमोर बसून करायचं झालं की आयटीआयचा दाखला मागून दुसऱ्याचं, असं झालं तर तो दुहेरी अन्याय होईल. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे आपल्याकडे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या वारसाच्या हातात बापाचाच झाडू का द्यायचा? त्याला यंत्रचालक म्हणून घ्या, तसं पद मंजूर करून घ्या, तसा पगार द्या. ठेकेदाराकडच्या माणसांना तर वारसा हक्कही नाही. निविदेत एक अट घाला की यंत्र चालवायला आधी याच माणसांना शिकवायचं. पडद्यावरची सगळी बटणं मराठीत असली पाहिजेत, हीही अट घाला. पुरवठादार देईल, मागायला हवं.

हे होऊ शकतं याला दाखले आहेत. हैदराबादला २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नळी मोकळी करणाऱ्या गाड्या आणल्या, आणि २०१९ मध्ये दिल्लीत अशाच २०० गाड्या रस्त्यावर आल्या. गाड्या सफाईतल्याच लोकांच्या मालकीच्या व्हाव्यात म्हणून दोन्हीकडे हात लावला तो दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्सने. ही संस्था आपल्या पुण्यात जन्मलेली. दिल्ली-हैदराबादला जे जमलं ते पुण्याच्या आसपासच्या नगरपालिकांना का जमू नये? 'नमस्ते'मध्ये यंत्रासाठीच्या कर्जावर अनुदान आहे. तुमच्या शहरातल्या किती बचतगटांना हे कुणी सांगितलं?

यंत्राच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की आम्हाला अर्धवट सांगितलं. असा रोबो चेंबर, म्हणजे मॅनहोलखालची विहीर, साफ करतो. दोन चेंबरमधल्या लांब नळीला जेटिंगच लागतं. आणि आपल्या बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाहीच, घरोघरी सेप्टिक टँक आहेत. टँकच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मैला घट्ट बसतो, सक्शन पाइप तो ओढू शकत नाही, मग माणूस आत उतरून तो ढवळतो आणि तिथेच मरतो. यासाठी आयआयटी मद्रासने 'होमोसेप' नावाचं यंत्र बनवलं: छत्रीसारखी मिटलेली पाती तोंडातून आत जातात, आत उघडतात, मैला घुसळून पातळ करतात आणि मग तो ओढला जातो. पण सेप्टिक टँकचं खरं उत्तर याहून साधं आहे आणि ते आपल्याच राज्यात आहे. वाईने २०१८ मध्ये, पुढे सिन्नरने, ठरवलं की टँक तुंबायची वाट बघायची नाही. दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घराचा टँक नगरपालिकाच उपसणार आणि खर्च करातून. मैला दगड होण्याआधीच गाडी दारात येते. वाईला जाऊन या, एक दिवस लागतो.

इथेच एआयचा खरा उपयोग सुरू होतो. माणूस गटारात उतरवला जातो तो घाईत. आमच्या बाजारपेठेत गणपतीच्या आधी झालं तसं: पाणी रस्त्यावर, फोन खणखणतायत, यंत्र दुसरीकडे, मग 'उतर रे'. हीच तुंबणारी जागा दोन दिवस आधी कळली असती तर गाडी लावायला वेळ होता. आणि ती कळू शकत होती. निवृत्तीच्या आधी मी आमची तक्रारवही घेऊन बसलो होतो, मागच्या बारा वर्षांची. बोटांवर मोजण्याइतक्या जागा पुन्हापुन्हा येत होत्या. हॉटेलांच्या रांगेखाली तेलकट थर साचून, बसस्थानकामागे उतार उलटा पडल्यामुळे, जुन्या पिंपळाच्या मुळ्या पाइपात शिरल्यामुळे. माझ्यासारख्या एका माणसाला हातवहीवरून एवढं दिसलं, तर तक्रारी, पाऊस, चेंबरमधली पाण्याची पातळी आणि पाइपात फिरवलेल्या कॅमेऱ्याची चित्रं एकत्र बघणाऱ्या संगणकाला कितीतरी जास्त दिसेल. पाइपाच्या चित्रांवरून तडे आणि मुळ्या ओळखणारी प्रणाली आज आहे. तिला लागतात नोंदी. म्हणून चॅटबॉट घ्याच, पण त्यावर आलेली ड्रेनेजची प्रत्येक तक्रार चेंबरच्या क्रमांकासह कायम जपून ठेवा, ठेकेदार बदलला की पुसून टाकू नका.

आणखी एक कळकळीचं. आमच्या नगरपालिकेने एकदा मोठी सक्शन गाडी घेतली. नारळ फोडला, फोटो निघाले. आठ फुटी गल्लीत ती शिरेना. मग डिझेलची तरतूद संपली, मग पंपाचं सील गेलं, पाऊसभर ती ताडपत्रीखाली उभी होती आणि मामा पुन्हा दोर बांधून उतरले. तेव्हा खरेदीच्या ठरावातच पाच वर्षांची देखभाल, सुटे भाग, चालकाचं प्रशिक्षण घाला. एका नगरपालिकेला झेपत नसेल तर शेजारच्या तीन-चार मिळून एक यंत्र घ्या. जिल्हाधिकाऱ्यांकडे एक बैठक लावली तर हे ठरू शकतं.

शेवटी एक काम असं आहे की त्याला निधी लागत नाही आणि ते आत्ताच व्हायला हवं. कुठला चेंबर डांबराखाली गाडला गेलाय, कुठल्या वाड्याच्या मागून जुनी दगडी मोरी अजून वाहते, कुठली लाइन नकाशात उत्तरेला दाखवलीय पण प्रत्यक्षात पूर्वेला जाते, हे कुठल्याही फायलीत नाही. ते मामांच्या आणि त्यांच्या वयाच्या माणसांच्या डोक्यात आहे. कुठलाही रोबो, कुठलंही एआय यांच्याशिवाय आंधळं आहे. ही माणसं फार वर्षं थांबणार नाहीत. त्यांना गाडीत बसवून शहरभर फिरवा, रोजचा भत्ता द्या, सोबत मोबाइलवर जागा नोंदवणारा एक मुलगा द्या. आमच्या शहरातल्या कुणी हे मनावर घेतलं तर मी मामांना विचारून ठेवलंय. सकाळी नऊच्या आधी त्यांना दम कमी लागतो. आम्ही दोघं पालिकेच्या मागच्या दारापाशी उभे राहू.

आपला,
ड्रेनेज विभागातील एक निवृत्त कनिष्ठ अभियंता